‘सर्टन’ म्हणजे नक्की काय? निश्चित की अमुकतमुक?

रानवारा:
मंडळी, इंग्रजीवाल्यांनी जरा मदत करा. इंग्रजी रिपोर्ट वाचून त्याचा मराठीत गोषवारा काढायचं काम माझ्याकडे असतं आणि त्यात सर्टन हा एक शब्द दर दोन पानांनी आडवा येतो. शाळेत पाठ केलेला अर्थ, सर्टन म्हणजे निश्चित, खात्रीचा. आता परवाच्या रिपोर्टमधलं हे वाक्य बघा, ‘अंडर सर्टन कंडिशन्स द पेमेंट मे बी डिलेड’. म्हणजे निश्चित अटींखाली पेमेंटला उशीर होऊ शकतो? अहो पण त्या अटी कुठल्या ते सगळ्या रिपोर्टभर कुठेच दिलेलं नाही, मग निश्चित कसल्या डोंबलाच्या! आणि त्याच पानावर खाली लिहिलंय ‘द डिले इज सर्टन’, इथे मात्र उशीर होणार म्हणजे होणारच.

तिसरं वाक्य त्याहून अवघड, ‘द सप्लायर इज सर्टन टु ऑब्जेक्ट’. शेजारच्या टेबलवरची सहकारी म्हणते ह्याचा अर्थ सप्लायरला खात्री आहे की तो हरकत घेणार. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. डिक्शनरी उघडली तर दोन्ही अर्थ एकाखाली एक मांडून ठेवलेत, कुठला कधी घ्यायचा ते ज्याचं त्याने बघावं. काही नियम आहे का? आणि सगळीकडे सर्टन काढून शुअर टाकलं तर चालतं का?

चिकटपट्टी:
सोप्पं आहे. नामाच्या आधी आला तर ‘काही, ठराविक’, नामानंतर इज-आर-वॉज करून आला तर ‘निश्चित’. सर्टन कंडिशन्स म्हणजे काही अटी, द डिले इज सर्टन म्हणजे उशीर नक्की. झालं काम.

मास्तरीण:
चिकटपट्टी यांचा नियम बऱ्याच ठिकाणी चालतो पण तो घेऊन फार लांब जाऊ नका. ‘सर्टन डेथ’ घ्या. नामाच्या आधीच आहे ना? पण अर्थ ‘काही मृत्यू’ होत नाही, अटळ मृत्यू होतो. सर्टन डिफीट, सर्टन व्हिक्टरी, सर्टन रुइन हे सगळे तसलेच. जे नाम एकदाच घडणाऱ्या, टाळता न येणाऱ्या गोष्टीचं असतं तिथे सर्टन आधी येऊनही ‘अटळ’च राहतो. आता त्याच्यामागे ‘अ’ लावा, ‘अ सर्टन डेथ’, की वाचणारा अडखळतो, कुठला तरी विशिष्ट मृत्यू की अटळ मृत्यू? तेव्हा जागा बघाच, पण आर्टिकल आणि नाम कुठल्या जातीचं आहे तेही बघा. एकवचनी मोजता येणारं नाम आणि मागे ‘अ’ असेल तर जवळजवळ नेहमी ‘कोणी एक, कुठला तरी’. अनेकवचन असेल, सर्टन पीपल, सर्टन रूल्स, तर ‘काही, ठराविक’.

आता रानवारा, तुमच्या तिसऱ्या वाक्याकडे येते कारण खरी मेख तिथे आहे आणि तुमची सहकारी ज्या खड्ड्यात पडली त्यात भलेभले पडतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा:

द सप्लायर इज सर्टन टु विन.
द सप्लायर इज सर्टन ऑफ विनिंग.

पहिल्यात सप्लायरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला काहीही कळत नाही. तो बिचारा घाबरून बसलेला असू शकतो, त्याला वाटत असेल आपण हरणार. खात्री आहे ती बोलणाऱ्याची, म्हणजे ज्याने रिपोर्ट लिहिला त्याची. दुसऱ्यात उलटं, खात्री सप्लायरची, आणि लिहिणाऱ्याला मनातून वाटत असेल की हा गडी आपटणार आहे. व्याकरणात दोन्हीकडे कर्ता सप्लायरच, म्हणून फसायला होतं. ह्याची चाचणी सोपी आहे, माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घाला. ‘द ब्रिज इज सर्टन टु कोलॅप्स’ चालतं, पूल नक्की पडणार. ‘द ब्रिज इज सर्टन ऑफ कोलॅप्सिंग’ चालत नाही, कारण पुलाला कसली आलीय खात्री. ‘सर्टन ऑफ’, ‘सर्टन अबाउट’, ‘सर्टन दॅट’ ह्यांना मन असलेला कर्ता लागतो. ‘सर्टन टु’ ला कोणीही चालतं, पाऊससुद्धा.

म्हणजे तुमच्या वाक्याचं मराठी ‘सप्लायर हरकत घेणार हे नक्की’ असं. ‘सप्लायरला खात्री आहे’ असं लिहिलंत तर तुम्ही रिपोर्टवाल्याचा अंदाज उचलून सप्लायरच्या तोंडी घातला, आणि उद्या सप्लायर म्हणाला की मी असं कधी बोललोच नाही, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

रानवारा:
बाई, दंडवत! पुलाची ट्रिक लिहून घेतली. पण ‘इट इज सर्टन दॅट’ चं काय मग? तिथे कर्ता ‘इट’, त्याला कुठे मन आहे?

मास्तरीण:
चांगला प्रश्न. ते ‘इट’ नुसतं जागा भरायला बसवलेलं असतं, खरा कर्ता पुढचं सगळं वाक्य. ‘इट इज सर्टन दॅट ही लेफ्ट’ म्हणजे तो गेला ही गोष्ट निश्चित. इथे खात्री कोणा एकाची राहत नाही, जगाच्या माथी मारलेली असते, म्हणून तर रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ही रचना फार आवडते. ‘आय अ‍ॅम सर्टन’ लिहिलं की चुकल्यावर ‘आय’ ला धरता येतं, ‘इट इज सर्टन’ ला कोण धरणार?

आणि तुमचा शुअरचा प्रश्न इथेच सुटतो. ‘आय अ‍ॅम शुअर’ आणि ‘आय अ‍ॅम सर्टन’ दोन्ही चालतं. ‘ही इज शुअर टु विन’ चालतं, त्यातही खात्री बोलणाऱ्याचीच. पण ‘इट इज शुअर दॅट’ असं चांगल्या इंग्रजीत म्हणत नाहीत, तिथे सर्टनच लागतो. आणि ‘काही, अमुक’ ह्या अर्थाने तर शुअर कधीच येत नाही, ‘शुअर कंडिशन्स’ केलंत तर वाक्य कोसळलं. म्हणजे सरसकट अदलाबदल करू नका.

जुनी_सही:
दोन्ही शब्दांचं मूळ बघितलं तर हा फरक कुठून आला ते थोडं कळतं. सर्टन हा लॅटिन ‘सर्टस’ वरून, फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलेला, आणि सर्टस हे ‘सर्नेरे’ ह्या क्रियापदाचं रूप. सर्नेरे म्हणजे चाळणे, वेगळं काढणे, आणि त्यावरून निवाडा करणे, ठरवणे. म्हणजे सर्टन मुळात ‘चाळून ठरवलेलं’. डिसर्न, कन्सर्न त्याच घरातले, आणि सर्टिफिकेट, असर्टेन हे सर्टसचे थेट वंशज. शुअर मात्र ‘सेक्युरस’ वरून येतो, ‘से’ म्हणजे वाचून, विना, आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी. विनाकाळजी. सिक्युअर हाही तोच शब्द, फक्त वेगळ्या वाटेने आलेला. म्हणून शुअर माणसाला चिकटतो आणि सर्टन वस्तुस्थितीला जास्त चिकटतो असं मला वाटतं, अर्थात शब्दाच्या मुळावरून आजचा वापर सिद्ध होत नाही, तेवढं मीठ लावून घ्या.

आता गंमत आपल्या मराठीची. तुम्हाला वाटतं की एकाच शब्दाचे ‘निश्चित’ आणि ‘कुठला तरी’ असे उलटे अर्थ कसे. अहो आपलं ‘ठराविक’ काय करतं? ठरणे वरून ठराविक. ‘ठराविक वेळेला गोळी घ्या’ म्हणजे ठरलेल्या, नेमक्या वेळेला. आणि ‘ठराविक लोकच पुढे पुढे करतात’ म्हणजे काही लोक, कोण ते आम्हाला माहितीय पण नाव घेत नाही. तोच प्रवास! ठरलेलं आहे, बोलणाऱ्याच्या डोक्यात ठरलेलं आहे, ऐकणाऱ्याला सांगितलेलं नाही एवढंच. ‘अ सर्टन’ मध्ये सर्टन पुसट झालेला नसतो, त्याची निश्चिती बोलणाऱ्याने खिशात ठेवलेली असते.

सरकारी मराठीत ह्यासाठी ‘विवक्षित’ वापरतात, विवक्षित प्रकरणी, विवक्षित बाबतीत वगैरे. लोक त्या शब्दाला नाकं मुरडतात, मीही मुरडायचो, पण तो शब्द इथे फार चपखल आहे. संस्कृतातल्या ‘विवक्षा’ वरून, विवक्षा म्हणजे बोलायची इच्छा. विवक्षित म्हणजे बोलणाऱ्याला जे सांगायचं आहे, जे त्याच्या मनात आहे ते. इंग्रजी सर्टनच्या पोटातली गोष्ट ह्या शब्दाने उघडी करून दाखवली की नाही?

फावल्यावेळचा:
हा हा, ठराविक लोक! इंग्रजीतही अगदी तस्सच मारतात, ‘सर्टन पीपल नेव्हर क्लीन देअर डेस्क’ असं म्हणायचं आणि बघायचं मात्र एकाच माणसाकडे. आपण ‘काही जणांना कळतच नाही’ म्हणतो तेव्हा ते काही जण म्हणजे समोर बसलेला एकच जण असतो 😄 अनेकवचन नुसतं तोंडदेखलं.

नावाआधी लावतात तेपण बघा, ‘अ सर्टन मिस्टर ब्राउन कॉल्ड’. कोणी ब्राउन म्हणून आहेत त्यांचा फोन होता, मी काही त्यांना ओळखत नाही. इथे तर बोलणाऱ्यालाही माहीत नसतं, मग जुनी_सहीदादा तुमची ती खिशातली निश्चिती गेली कुठे?

जुनी_सही:
पकडलंत. पण पूर्ण नाही. नाव ठरलेलं आहे, माणूस एकच आहे, एवढं निश्चित असतंच. त्याच्यापलीकडे बोलणाऱ्याकडे काही नाही आणि ते तो कबूल करतोय. कधीकधी त्यात ‘आपल्याला काय त्याचं’ असा तुच्छ सूरही येतो, म्हणून ओळखीच्या, मोठ्या माणसाच्या नावाआधी ‘अ सर्टन’ लावलं तर एकतर विनोद असतो नाहीतर टोमणा. मराठीत ‘कोणी एक’ किंवा ‘ब्राउन नावाचे कोणी’.

काटकोन:
आकडेवारीच्या कामातला माणूस आहे, माझे दोन पैसे. तुम्ही सगळे सर्टन हो किंवा नाही असा धरून चाललात, पण कामाच्या जागी भांडणं होतात ती ‘ऑलमोस्ट सर्टन’, ‘फेअर्ली सर्टन’, ‘व्हर्च्युअली सर्टन’ ह्यांच्यावरून, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक आकडा असतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसरा.

ह्यातली गाजलेली गोष्ट अमेरिकेच्या सीआयए ह्या गुप्तहेर संस्थेतली. 1951 साली त्यांच्या पुढे काय घडेल ह्याचा अंदाज देणाऱ्या एका अहवालात लिहिलं होतं की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. ते तयार करणाऱ्या गटातल्या शर्मन केंटला एका अधिकाऱ्याने सहज विचारलं की बाबा म्हणजे किती शक्यता, तर केंट म्हणाला 65 ला 35, हल्ल्याच्या बाजूने. तो अधिकारी हादरला, त्याने फारच कमी धरली होती. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर ज्यांनी एकत्र बसून तो शब्द मंजूर केला होता त्यांचे आकडे एका टोकाला 20 आणि दुसऱ्या टोकाला 80! पुढे 1964 मध्ये त्याने शब्द आणि टक्के ह्यांची जोडी लावणारा लेख लिहिला. त्यात सर्टन म्हणजे सरळ 100 टक्के, आणि ऑलमोस्ट सर्टन म्हणजे 93, सहाएक इकडे तिकडे.

हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय पॅनेलने, आयपीसीसी म्हणतात ते, असाच तक्ता ठरवून घेतलाय. व्हर्च्युअली सर्टन म्हणजे 99 ते 100 टक्के, व्हेरी लाइकली म्हणजे 90 ते 100, लाइकली म्हणजे 66 ते 100. आणि त्यांच्या 2021 च्या अहवालात माणसामुळे तापमान वाढलंय हे सांगताना हा तक्ताच बाजूला ठेवून ‘अनइक्विव्होकल’ लिहिलं, निःसंदिग्ध, म्हणजे आता टक्के मोजायची गरजच नाही.

आणि गणितवाल्यांकडे गेलात तर तिसरंच. त्यांचं ‘ऑलमोस्ट सर्टन’ किंवा ‘ऑलमोस्ट शुअर’ म्हणजे संभाव्यता पूर्ण 1. तरी ऑलमोस्ट का म्हणतात? नाणं अनंत वेळा उडवत राहिलं तर कधी ना कधी छापा पडणार ह्याची संभाव्यता 1 आहे, पण सगळे काटेच पडत गेले असा क्रम कल्पनेतून पुसता येत नाही, त्याची संभाव्यता शून्य असली तरी. म्हणजे केंटचं ऑलमोस्ट सर्टन 93 आणि गणितातलं 100, शब्द तोच. तेव्हा रानवारा, रिपोर्ट कुठल्या धंद्यातला आहे ते आधी बघा, आणि शब्दांचा तक्ता मागच्या पानावर दिला असेल तर तो पहिल्यांदा वाचा. बहुतेक लोक वाचत नाहीत.

चिकटपट्टी:
बापरे एवढं सगळं एका शब्दात 😅 माझ्या नियमात पण ९० टक्के भागतं की हो. सॉरी, ऑलमोस्ट सर्टन टक्के.

फावल्यावेळचा:
हे ‘प्रिटी शुअर’, ‘फेअर्ली सर्टन’ तर अजून फसवे. मराठी माणसाला वाटतं क्रियाविशेषण जोडलं म्हणजे जोर वाढला. ‘आय अ‍ॅम शुअर’ पेक्षा ‘आय अ‍ॅम प्रिटी शुअर’ कमी खात्रीचं असतं, वाढीव नाही, म्हणजे माणूस पळवाट ठेवून बोलतोय. आपल्याकडे ‘नक्की येतो’ आणि ‘नक्की येतो बहुतेक’ मधला फरक तोच. ‘अ‍ॅब्सोल्यूटली सर्टन’ मात्र खरंच जोराचं. ‘व्हेरी सर्टन’ कानाला खटकतं, का ते बाई सांगतील.

मास्तरीण:
कारण सर्टन टोकाचा शब्द धरला जातो, टोकावर अजून चढायला जागा नाही, म्हणून ‘व्हेरी’ पेक्षा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘कम्प्लीटली’ असे टोकाचेच जोडीदार त्याला शोभतात. चूक नाही म्हणता येणार, पण नीट इंग्रजीत कमी सापडतं. ‘मोअर सर्टन’ मात्र बिनदिक्कत वापरा, तुलना करता येते.

अजून दोन गोष्टी राहिल्या, गोषवारा करणाऱ्याला लागतील म्हणून सांगते. एक, ‘सर्टन्ली’ आणि ‘शुअर्ली’. वरवर दोन्ही ‘नक्कीच’. पण ‘ही सर्टन्ली नोज’ म्हणजे त्याला नक्की माहीत आहे, मी सांगतेय ना. ‘शुअर्ली ही नोज’ म्हणजे ‘त्याला माहीत असेलच ना?’, बोलणाऱ्याला तसं वाटतंय पण तो दुजोरा मागतोय, कधी आश्चर्यही असतं, एवढं साधं त्याला कसं माहीत नाही म्हणून. ह्याचं भाषांतर ‘नक्कीच’ केलंत की वाक्याचा सूर उलटा होतो. ‘असेलच ना’, ‘असणारच की’ असं काहीतरी करा.

दुसरं म्हणजे ‘इन नो अनसर्टन टर्म्स’. दोन नकार एकावर एक बघून लोक गडबडतात. ह्याचा अर्थ स्पष्ट शब्दांत, बहुतेक वेळा जरा रागाने, ठणकावून. ‘शी टोल्ड देम इन नो अनसर्टन टर्म्स’ म्हणजे तिने त्यांना खडसावून सांगितलं. ‘अनिश्चित नसलेल्या शब्दांत’ असलं काही लिहू नका प्लीज, मी वाचलेलं आहे 🙏

आणि हो, नकारात ‘आय अ‍ॅम नॉट सर्टन व्हेदर’ किंवा ‘इफ’ चालतं. होकारात ‘व्हेदर’ लावायचं नाही, खात्री असेल तर ‘दॅट’.

जुनी_सही:
शुअर-सर्टनच्या वजनाबद्दल एक भर. इंग्लंडच्या फौजदारी कोर्टात न्यायाधीश ज्युरीला सांगतात की आरोपी दोषी आहे ह्याची तुम्हाला खात्री पटली पाहिजे, आणि तिथे ठरवून ‘शुअर’ हा शब्द वापरतात. पूर्वीचं ‘बियाँड रीझनेबल डाउट’ त्याच अर्थाचं होतं. ‘सर्टन’ मागत नाहीत, कारण गणितासारखी निश्चिती माणसाच्या साक्षीपुराव्यात मिळणार कुठून. म्हणजे बोलताना दोन्ही एक वाटले तरी जिथे एकेक शब्द तोलून घ्यायचा तिथे निवड केलेली दिसते.

उलट इंग्रजी ट्रस्टच्या कायद्यात ‘थ्री सर्टन्टीज’ म्हणून प्रसिद्ध आहेत, 1840 च्या नाइट विरुद्ध नाइट खटल्यापासून चालत आलेल्या. ट्रस्ट करायचा हेतू, कुठली मालमत्ता, आणि कोणासाठी, हे तिन्ही सर्टन पाहिजे, नाहीतर ट्रस्ट उभाच राहत नाही. तिथे सर्टन म्हणजे कोणाच्या मनातली खात्री नव्हे, नेमकं ठरलेलं, बोट ठेवून दाखवता येईल असं. चाळून वेगळं काढलेलं, परत मुळावरच आलो बघा.

रानवारा:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सहकारीला पुलाचं वाक्य दाखवलं, दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली ‘मग पावसालाही खात्री नसते तर’. गोषवाऱ्यात आता असं केलंय: ‘काही परिस्थितींत (त्या अहवालात नमूद नाहीत) पेमेंटला उशीर होऊ शकतो’, ‘उशीर अटळ आहे’, ‘पुरवठादार हरकत घेणार हे अहवाल लिहिणाऱ्यांच्या मते नक्की आहे’. बरोबर?

फक्त एक उरलं, ‘टु अ सर्टन एक्स्टेंट’ सगळीकडे असतं, त्याचं ‘विशिष्ट मर्यादेपर्यंत’ करत आलोय.

मास्तरीण:
तिन्ही बरोबर. ‘नमूद नाहीत’ हे कंसात टाकलंत ते फार छान केलंत, पण वरिष्ठांना विचारून ठेवा, मूळ लिहिणाऱ्याने मुद्दाम मोघम ठेवलं असेल तर तुमचा कंस त्याला आवडणार नाही.

‘टु अ सर्टन एक्स्टेंट’ म्हणजे ‘काही अंशी’, ‘काही प्रमाणात’. ‘विशिष्ट मर्यादेपर्यंत’ म्हटलं की वाचणारा मर्यादा कुठली ते शोधत बसतो, आणि इथे लिहिणाऱ्यालाही ती माहीत नसते.

चिकटपट्टी:
आणि हे नामाच्या आधीच आलंय हे कृपया सर्वांनी नोंदवून घ्यावं.